ओकायामात पाण्यात उकडलेला उदोन

जपानला जाऊन ओकायामा? निघण्याआधी हा प्रश्न इतक्यांनी विचारला की मी उत्तर देणं सोडलं. पण पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी वर्षानुवर्षं फिरायला जाते आणि ती बाग ज्या कोराकुएन या जपानी उद्यानावरून बेतली, ते ओकायामात आहे. मला मूळ बघायचं होतं, बस.

शिन-ओसाकाहून शिनकानसेन या बुलेट ट्रेनने जेमतेम पाऊण तास. स्टेशनबाहेर पीचच्या पोटातून जन्मलेला लोककथेतला मोमोतारो त्याच्या कुत्रा-माकडासकट उभा. पुढे ट्राम. तिच्यात कंडक्टर नाही, उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत नाणी टाकायची. मी तळहातावर सगळी चिल्लर धरली, एका शाळकरी मुलीने त्यातली नेमकी वेचून पेटीत टाकली आणि मान तुकवून उतरून गेली.

कोराकुएन १७०० मध्ये पुरं झालं. इकेदा त्सुनामासा या सरदाराने ते बांधवलं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात होरपळल्यावर जुन्या चित्रांच्या आधाराने पुन्हा उभं केलं. आपल्या बागेच्या तिप्पट तरी मोठं असेल. मधोमध मोकळी हिरवळ, एका कोपऱ्यात चक्क भातखाचर आणि चहाचे ताटवे, आणि झाडांवरून डोकावणारा काळा किल्ला. सुंदरच आहे. तरी खरं सांगते, पुलावर उभं राहिल्यावर मला आपलीच बाग जास्त जवळची वाटली, शिट्ट्या फुंकणाऱ्या रखवालदारांसकट. फरक एवढाच की आपली बाग दुपारी बंद असते. इथे बाग उघडी आणि दुपार कलली की खाणावळी बंद.

भूक लागली होती. पुण्यात जपानी शिकलेल्यांची काय कमी! मांस, मासे, अंडी आणि माशाचं पाणीसुद्धा नको, अशी चिठ्ठी भाचीने लिहून दिली होती. पहिल्या दुकानात चिठ्ठी वाचून बाईंनी दोन्ही हातांची फुली केली. दुसऱ्यातही फुली, वर कमरेत वाकून माफी. इतक्या नम्रपणे उपाशी ठेवलं की चिडायचीही सोय नाही. टूरबरोबर महाराज घेऊन जाणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलेय. त्या क्षणी मात्र कोणी बटाट्याची भाजी वाढली असती तर पायाच पडले असते.

तिसरं दुकान उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड जपानी शेवयांचं. आजोबा दारावरचा पडदा उतरवत होते, म्हणजे बंदच. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, दातांतून हवा ओढली आणि मला आत बोलावलं. आधी सुकवून किसलेल्या बोनितो माशाची पिशवी दाखवली, मग रश्शाच्या पातेल्याकडे बोट. हे त्यात आहे. मी मान हलवली. मग त्यांनी गव्हाच्या पिठाचं पोतं दाखवलं, मिठाची बरणी दाखवली, नळ सोडून पाणी दाखवलं आणि शेवटी त्या जाडजूड शेवया हातात धरल्या. यात एवढंच. चालेल? चालेल! त्यांनी उकळतं पाणी ओतून टाकलं, भांडं घासलं, नवं आधण ठेवलं. हे कोणी मागितलं नव्हतं. पुण्यातल्या एका नावाजलेल्या हॉटेलात ‘चिकन काढून देतो की’ असं ऐकून घेतलेल्या मला हे बघताना भरून आलं.

गरम उदोन, वर सोया सॉस, किसलेला मुळा, आलं, कांद्याची पात. सॉसची बाटलीही त्यांनी लेबल माझ्याकडे करून ठेवली, जणू मला वाचता येणार होतं. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी वाचत मोठी झालेली मी, तरी पर्समधून लसणाची चटणी काढलीच. आजोबांनी ते पाहिलं आणि तळहात पुढे केला. चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, कानापर्यंत लाल झाले, ठसकले, पाणी प्यायले. मी घाबरून उठले, तर तळहात पुन्हा पुढे!

पैशांवरून भांडण झालं. कॅल्क्युलेटरवर त्यांनी दाखवलेला आकडा भिंतीवरच्या सगळ्यात स्वस्त आकड्यापेक्षाही कमी होता. मी भिंतीकडे बोट दाखवलं, त्यांनी कॅल्क्युलेटरकडे. शेवटी तेच जिंकले.

मग किल्ला पाहिला. १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला. बाहेरून छान दिसतो.

संध्याकाळी हॉटेलवर वहिनीचा व्हिडिओ कॉल. “जेवलीस का गं?” मी आजोबा, पोतं, नळ, सगळं सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

“म्हणजे नुसत्या उकडलेल्या शेवया आणि मुळा,” ती म्हणाली. “आम्हाला टूरमध्ये हिरोशिमाला गुलाबजाम होते.”