फणसांबा प्रकरण: माघार

मागच्या श्रावणातल्या नोंदीत मी छाती पुढे काढून लिहिलं होतं की आमच्या सिंधुदुर्गातल्या घरामागच्या फणसावरचं ते लाकडासारखं अळंबं म्हणजे अस्सल फणसांबा, म्हणजे फणसावर येणारं, औषध म्हणून उगाळलं जाणारं अळंबं, फेलिनस नावाच्या प्रजातीच्या गोतावळ्यातलं. ते विधान साफ मागे घेतोय. अळंबं गॅनोडर्मा निघालं, म्हणजे लाकडी अळंब्यांचीच दुसरी प्रजाती.

घोटाळा कुठे झाला ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण हाच करत असणार. पुण्याला नेलेला तुकडा जुना, वाळलेला. खालची बाजूही तपकिरी पडलेली. त्यावर केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा) थेंब टाकला, गर क्षणात काळाकुट्ट. झालं, फेलिनस! गॅनोडर्माचा तपकिरी गरही केओएचने काळवंडतो हे कुठेतरी वाचलेलं होतं, पण त्या आनंदात आठवतंय कुणाला. काळा पडला नाही तर फेलिनस नव्हे, एवढंच तो थेंब सांगतो.

(केओएच मागवताना जपा. मला पातळ पिशवीत आलं, घरी पोचेपर्यंत हवेतली ओल पिऊन त्याचा चिकट गोळा झालेला. ५ टक्के म्हणून जे केलं ते किती टक्के होतं, देव जाणे.)

या आठवड्यात गावी आलो तर त्याच अळंब्याला नवी पांढरीशुभ्र कड फुटलेली. खालून नखाने रेघ ओढली, तपकिरी उमटली. टोपीवर, बुंध्यावर, शेजारच्या अळूच्या पानांवरही कोकोसारखी भुकटी. बीजाणू खालच्या छिद्रांतून सुटतात, पण झुळकीवर चढून स्वतःच्याच टोपीवर येऊन बसतात. मी ती ब्रशने गोळा करतोय तोवर गोठ्यातून आत्याचा आवाज, "फणसावर इलो म्हणान फणसांबो होता काय रे?" हे वर्षभर आधी विचारलं असतं तर!

भुकटी ४०च्या भिंगाखाली घातली आणि मग काही बोलायलाच उरलं नाही. तपकिरी, दुहेरी भिंतीचे, एका टोकाला छाटल्यासारखे बोथट बीजाणू, म्हणजे गॅनोडर्माच. २० मोजले, लांबी ८.५ ते १०.५ मायक्रॉन. गॅनोडर्माच्या जातींपैकी ॲप्लॅनॅटमचे सहसा याहून लहान असतात, त्यामुळे कल ऑस्ट्राल या जातीच्या गटाकडे. नाव अजून पेन्सिलीनेच लिहिलंय.

आता खरी डोकेदुखी. पाणंदीकडच्या म्हाताऱ्या फणसावर, हात वर करून जेमतेम पोचेल एवढ्या उंचीवर, दुसरं एक आहे. खुरासारखं, वरून काळं आणि तडकलेलं, खालून तपकिरी मखमल, आतला गर गंजासारखा. आत्या म्हणते हाच फणसांबो, हाच ती आम्हाला सहाणेवर उगाळून द्यायची. माझाही जीव तेच म्हणतोय, पण जिवाचं ऐकून एकदा तोंडावर पडलोय.

चार संध्याकाळी त्याचे काप काढण्यात गेल्या. बटाट्यात खाच पाडून तुकडा बसवायचा आणि दाढीच्या ब्लेडने पापुद्रे काढायचे. या कामी महागड्या सुऱ्यांपेक्षा साधं दुधारी ब्लेडच बरं, पण प्रत्येक कापाला नवी धार हवी. फेलिनसच्या बऱ्याच जातींत छिद्रांच्या कडेला सूक्ष्म, टोकदार तपकिरी काटे असतात, ते दिसले नाहीत. त्याने निकाल लागत नाही, फेलिनसच्याच गोतावळ्यातल्या फुल्विफोमिस प्रजातीत ते नसतातच. निकाल बीजाणूंवर. गंजाच्या रंगाचे, साधारण ५ मायक्रॉनचे मिळाले तर फुल्विफोमिस. बिनरंगी मिळाले तर ते रंगवून बघायला मेल्झरचं आयोडीनवालं द्रावण लागणार, आणि त्यातलं क्लोरल हायड्रेट सुट्या माणसाला कोण विकतंय? पण बीजाणू हवेत ना! दीडशे कापांत एक नाही. तुकडा रात्रभर फॉइलवर ठेवला, सकाळी फॉइलवर मुंग्या.

उद्या मोठा तुकडा तोडून पुण्याला न्यायचा बेत होता. लिहिता लिहिताच तो रद्द करतोय. तोडलेला तुकडा वाळतो, मग तो बीजाणू सोडेल कशाला? त्यापेक्षा काचपट्टीच झाडावर न्यावी. अळंब्याच्या पोटाखाली बोटभर अंतर सोडून काडीला बांधायची, वर पावसासाठी कापलेल्या बाटलीचं छप्पर. अंतर मुद्दाम, चिकटवली तर दहिवर काचेवर उतरून सगळं धुऊन जाईल.

आत्ताच बांधून आलो. टॉर्च तोंडात धरून गाठ मारताना एक पट्टी पातेऱ्यात पडली, ती सकाळी शोधेन. तीन रात्री बांधलेल्या पट्टीला हात लावायचा नाही असं ठरवलंय, आणि पाणंदीकडे म्हशी नेऊ नको म्हणून आत्यालाही सांगून ठेवलंय.