आठवणी मागितल्यात, म्हणून…

"सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून द्या, तुम्ही तर लेखिका!" संपादक मंडळाचा फोन आला आणि मी हो म्हणून बसले. पण कथा लिहिणाऱ्या बाईकडे आठवणी मागणं जरा जोखमीचंच. माझ्या एका कथेत आपल्या शाळेतला आठवीचा वर्ग आहे. शेवटच्या बाकाजवळ खिडकी आहे आणि तास चालू असताना एक मुलगी तिथून बाहेर बघत बसते. कथा छापून आली तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं सुनावलं, "तिथे खिडकी कुठली गं? नकाशांचं कपाट होतं तिथे." असेलही. पण आता मला ते कपाट काही केल्या आठवत नाही, खिडकीच दिसते. तेव्हा पुढचं सगळं त्या बेतानं वाचावं.

मराठीच्या बाईंबद्दल मात्र आम्हा दोघींचं एकमत आहे. त्यांनी एकदा 'माझी आजी' हा निबंध घातला. आम्ही सगळ्यांनी गाइडमधला ठरीव मजकूर उतरवला : आजी मायाळू आहे, तिचे केस पांढरेशुभ्र आहेत, ती छान छान गोष्टी सांगते. वह्या परत आल्या तेव्हा प्रत्येक वहीत तांबड्या शाईनं एकच शेरा होता, 'आजीचं नाव काय?' अर्ध्या वर्गाला ते ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांना तोंडी दुसरा प्रश्न : "ती तुमच्याएवढी असताना तिला राग कशाचा यायचा?"

मी घरी जाऊन विचारलं. आजी म्हणाली, "नसत्या चौकशा!" आणि कामाला लागली. मग मीच तिला एक राग देऊन टाकला. मोठ्या भावाला शिकायला पाठवलं, हिला नाही, म्हणून ती दिवसभर कुणाशी बोलली नाही, असं काहीतरी. बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं. "हे आजीनं सांगितलं?" मी मान हलवली, नाही. "मग हा निबंध नाही, गोष्ट झाली. हस्तलिखितासाठी दे." माझं अक्षर हस्तलिखिताच्या, म्हणजे शाळेच्या हातानं लिहिलेल्या अंकाच्या, लायकीचं नव्हतं, म्हणून वर्गातल्या एका सुबक अक्षराच्या मुलीनं ती उतरवून काढली. माझं पहिलं प्रकाशित लेखन हे असं दुसरीच्या अक्षरातलं आहे.

'बायका का लिहितात?' हा परिसंवादाचा लाडका विषय. 'मन मोकळं करायला' हे त्याचं लाडकं उत्तर. मला ते मुळीच पटत नाही. मन मोकळं करायला मैत्रीण पुरते, त्यासाठी एकच परिच्छेद पुन्हापुन्हा खोडत बसावं लागत नाही. मला वाटतं, गोष्ट वेगळीच आहे. घरातलं कोण कधी आजारी होतं, कोण कुणाशी का बोलत नाही, कुठला अबोला कुठल्या लग्नात सुरू झाला, हे सगळं बहुतेक घरांत बायकांनीच लक्षात ठेवलेलं असतं. पण त्यात त्यांचं स्वतःचं पान कोरं राहतं, कारण त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं. जे विचारलं गेलं नाही त्याची नोंद कुठून मिळणार? तिथे कल्पनेलाच हात घालावा लागतो. कथा आठवणीवर उभी असते हे खरंच, पण जिथे आठवण तोकडी पडते तिथेच ती खरी सुरू होते.

आपल्याकडच्या आधीच्या लेखिकांना तर लिहायलाही निमित्त शोधावं लागलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या, त्या न्यायमूर्तींच्या सहवासाच्या म्हणून. लक्ष्मीबाई टिळकांकडे मुलानं मागितल्या त्या वडिलांच्या चरित्रासाठी लागणाऱ्या आठवणी. त्यातून 'स्मृतिचित्रे' झाली, १९३४ पासून भागाभागानं. निमित्त दोन्हीकडे नवऱ्याचं, पण पुस्तक मिटल्यावर डोळ्यांपुढे राहतात त्या या दोघीच. आणि लक्ष्मीबाईंचे ते संवाद! इतक्या वर्षांनी कुणाला असे शब्दन् शब्द आठवतील? आठवण सांगायलाही कथेची हातोटी लागते, ती त्यांच्याकडे उपजत होती.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, याचाच गदारोळ उडाला. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर. शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातलं इतकं उघड छापायचं, तर नाव झाकणं भागच होतं. बेबी कांबळे यांनी दुकान सांभाळता सांभाळता लिहिलं आणि वह्या नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं दडवून ठेवल्या. त्यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन पुस्तकरूपात आलं ते १९८६ साली. एकीनं नाव लपवलं, दुसरीनं वहीच. हे वाचलं की 'लिहायला वेळच मिळत नाही' अशी तक्रार करताना माझी जीभ अडखळते.

मला स्वतःला काही लपवावं लागलं नाही. पण जिवंत माणसांची भीड असतेच. तिथे कथा उपयोगी पडते. मावशीचं एक जहाल वाक्य मी कथेतल्या सर्वस्वी परक्या बाईच्या तोंडी घातलं, तिला काकूचं चालणं दिलं आणि स्वभाव माझा. मावशीनं वाचून मला बाजूला घेतलं, "काकूला बरोबर पकडलंस हं!" काकूचा फोन आला, "तुझ्या मावशीला कळलं तर?" दोघींना कथा आवडली. स्वतःला मात्र दोघींपैकी एकीनंही ओळखलं नाही.

'हे तुमच्याच आयुष्यातलं का हो?' हा प्रश्न अजून प्रत्येक कार्यक्रमात येतो. शेजारी बसलेल्या लेखकमहाशयांना तो कुणी विचारत नाही. त्यांना शैलीबद्दल विचारतात. पूर्वी मी चिडायचे. आता सांगते, "हो, पण त्यात खिडकी नव्हती," आणि पुढचा प्रश्न घेते.

आपलं हस्तलिखित मध्यंतरी बंद पडलं, असं ऐकलं. ते पुन्हा सुरू होणार असेल, तर वर्षातून एकदा येऊन मुलामुलींच्या गोष्टी वाचायला आणि खोडायला मी तयार आहे. वर उल्लेख केलेली पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला पाठवली आहेत. ती काचेच्या कपाटात शोभेला न ठेवता मुलांना घरी न्यायला द्यावीत, अशी मुख्याध्यापकांना विनंती. फाटली तर दुसरी पाठवीन.