तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे फोटो एकाच रंगात कसे आणता?

हे मला नेहमी विचारतात, की वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या मोबाईलवर काढलेले फोटो तुमच्या पेजवर एका घरातले कसे वाटतात, फोटोशॉप घेऊन बसता का. नाही हो. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपेज कसं दिसावं ते ब्राउझरला सांगणाऱ्या भाषेत, फिल्टर नावाची एक ओळ असते, ती ब्राउझर फोटो दाखवताना लावतो, मूळ फाईलला हातही लागत नाही, ओळ काढली की फोटो होता तसा.

सगळी गंमत क्रमात आहे. फिल्टर लिहिलेत त्याच क्रमाने एकावर एक लागतात. आधी ग्रेस्केल (फोटो राखाडी करणारा), मग सेपिया (जुन्या फोटोसारखी तपकिरी छटा देणारा) असं लिहिलं की गिरगावातल्या चाळीचा, दादर स्टेशनचा, चौपाटीचा, सगळे फोटो एकाच तपकिरी रंगात येतात, पण उलटं लिहिलंत तर सेपिया लागतो खरा आणि पुढचा ग्रेस्केल तो पुसून टाकतो, हातात राखाडीच. निळा हवा असेल तर सेपियानंतर ह्यू-रोटेट, म्हणजे रंगचक्रावर रंग फिरवणारा फिल्टर, लावायचा, नुसत्या राखाडीवर तो काहीच करत नाही कारण फिरवायला त्यात रंगच नसतो.

हे बघायचं तर काळीपिवळी टॅक्सीचा फोटो घ्या आणि ह्यू-रोटेट १८० अंश द्या. पिवळं टप आकाशी होतं, काळी बॉडी काळीच राहते! आणि गडद निळं न होता फिकट आकाशी का, तर हा फिल्टर रंग फिरवताना उजळपणा साधारण तेवढाच ठेवायचा प्रयत्न करतो, आणि पिवळा मुळातच उजळ. ग्रेस्केलही तीन रंगांची सरळ सरासरी काढत नाही, हिरव्याला साधारण ७१ टक्के, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७ टक्के वजन देतो, म्हणून गर्द निळा शर्ट जवळजवळ काळा दिसतो.

अजून एक, फिल्टर थेट फोटोवर लावा, फोटो ज्यात बसवलाय त्या बाहेरच्या डब्याला लावलात तर आतलं शीर्षक आणि बटणंही रंगतात. आणि माऊस नेल्यावरच खरे रंग दिसतील असं करू नका प्लीज, लोकलमध्ये उभ्याने मोबाईलवर बघणाऱ्याने माऊस कुठून आणायचा?

साड्यांच्या दुकानाचं पेज असेल तर मात्र मी फिल्टरला स्पष्ट नाही म्हणते, कितीही आग्रह झाला तरी. पैठणीचा रंग बघूनच माणूस दादरला यायचं की नाही ते ठरवतो, तिथे सेपिया लावणं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणं आहे.