आमची वाटचाल : हिरव्या रंगापासून गुलाबी रंगापर्यंत

रक्त तपासणीची लॅब सुरू केली तेव्हा आम्ही दोघंच, बायको सॅम्पल घ्यायची नि मी टेस्ट लावायचो. कोलेस्टेरॉल तेव्हा लीबरमन-बुर्खार्ड या जुन्या रासायनिक पद्धतीने करायचो, सल्फ्युरिक अ‍ॅसिडवाला रीएजंट (टेस्टचं रसायन) टाकला की हिरवा रंग येतो तो कलरीमीटरवर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या मशीनवर वाचायचा. ट्यूबमधे पाण्याचा थेंब राहिला किंवा वेळ चुकला की रीडिंग हललंच, शिवाय काविळीच्या पेशंटचं कोलेस्टेरॉल उगाच जास्त यायचं.

मग एन्झाइमवाले किट घेतले. एस्टरेज, ऑक्सिडेज ही एन्झाइम, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी पेरॉक्सिडेज या एन्झाइमने गुलाबी रंग, तो वाचायचा ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशात. अ‍ॅसिड गेलं, हात भाजायचे थांबले. पण यात बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) नि व्हिटॅमिन सी जास्त असेल तर आकडा उलट कमी येतो, म्हणजे मेथड बदलली की चूक कुठल्या बाजूला होते ते पण बदलतं, हे आम्हाला कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) रोज लावायला लागल्यावर नीट कळलं.

खरी झोप उडवली ती एलडीएलने, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात त्याने. आम्ही सगळ्यांसारखं १९७२ चं फ्रीडेवाल्ड सूत्र वापरायचो, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) नि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा भाग वजा, ४०० च्या वर ट्रायग्लिसराइड असेल तर चालत नाही एवढं माहीत होतं (सगळे आकडे मिग्रॅ/डेसिलिटरमधे). पण ४०० च्या आत सुद्धा गडबड होते हो! टोटल १४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २५० धरा, फ्रीडेवाल्डने एलडीएल ५० येतं आणि २०२० च्या सॅम्पसन सूत्राने ६०. रक्त तेच, पण कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरला हा १० चा फरक लहान नाही.

सूत्र न लावता एलडीएल थेट मोजणारं डायरेक्ट किट पण घेतलं, वाटलं प्रश्न मिटला. नाही मिटला, कारण ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं असलं की वेगवेगळ्या कंपन्यांची डायरेक्ट किट पण आपापसात जुळत नाहीत, आणि ज्याच्याशी बाकी पद्धती ताडून बघतात ती खरी रेफरन्स पद्धत म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूज, सॅम्पल प्रचंड वेगाने फिरवून घटक वेगळे करणारं मशीन, ते आमच्यासारख्या छोट्या लॅबला कुठलं जमणार.

एकदा एका पेशंटने आमचा नि दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट शेजारी ठेवून विचारलं, खरा कुठला? मला उत्तर देता येईना, कारण एलडीएल थेट मोजलंय की सूत्राने काढलंय हे दोन्ही रिपोर्टवर नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही एलडीएलच्या आकड्याखाली डायरेक्ट की कॅल्क्युलेटेड, कुठलं सूत्र, उपाशीपोटी की नाही, सगळं लिहितो, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की रिपोर्ट द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करतो.