तुम्ही विचारलंत म्हणून: आउटफिल्डर कोच झाला की पहिल्या बेसपाशीच का दिसतो?

बेसबॉल नव्याने बघणारे हे हमखास विचारतात. पहिल्या बेसजवळचा (फलंदाज धावत सगळ्यात आधी गाठतो त्या टप्प्याजवळचा) कोच टाळ्या वाजवतो आणि धावपटूचे हातमोजे-पॅड सांभाळतो, एवढंच दिसतं. त्यासाठी जुना आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागात चेंडू अडवणारा खेळाडू) कशाला?

डेव्ह रॉबर्ट्स या आउटफिल्डरचं बघा. बॅटमध्ये फार ताकद नव्हती, सगळी कमाई पायांची: कारकिर्दीत 243 बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. ऑक्टोबर 2004, बोस्टनचं फेनवे पार्क. रॉबर्ट्सचा संघ रेड सॉक्स न्यूयॉर्कच्या यँकीजविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत 0-3 ने मागे, नववा म्हणजे शेवटचा डाव, स्कोअर 3-4. केव्हिन मिलार वॉक मिळवून (चार वाईट चेंडूंमुळे फुकटात) पहिल्या बेसवर आला आणि त्याच्या जागी रॉबर्ट्स धावायला उतरला. यँकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा याने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला अडवून पाहिलं. फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला आणि दुसऱ्या बेसवर अगदी थोडक्यात वाचला. मग बिल म्युलरचा फटका, बरोबरी, बाराव्या डावात विजय. आणि शेवटी 1918 नंतरचं पहिलं जगज्जेतेपद.

यात धाडस होतंच, पण आधी हिशेब होता. दोन बेसमधलं अंतर 90 फूट. धावपटू बारा-एक फूट पुढे सरकून उभा राहतो. उरलेलं अंतर चपळ माणूस साधारण 3.3 ते 3.4 सेकंदांत कापतो. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरपर्यंत (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्यापर्यंत) जायला 1.3 सेकंद, तिथून दुसऱ्या बेसवर 2. म्हणजे बरोबरी. पिचर 1.5 घेत असेल तर बेस जवळजवळ फुकट. म्हणून कोचच्या मुठीत स्टॉपवॉच असतं.

फसतं ते बहुधा सुरुवातीलाच. उजव्या पिचरची मागची टाच आधी हलली तर चेंडू तुमच्याकडे येणार. पुढचा पाय उचलला तर फलंदाजाकडे. नवखे खांद्याकडे बघत बसतात आणि दुसऱ्या बेसकडे झुकून उभे राहतात. मग परतताना पाय अडकतो. डावखुरा पिचर तोंडासमोरच असतो, आणि तो दोन्ही वेळा पुढचाच पाय उचलतो. तिथे घाई महागात पडते. 2023 पासून नियमही बदलला: एका फलंदाजापुढे दोनदा अडवून झालं की तिसऱ्या वेळी धावपटू बाद व्हायलाच हवा, नाहीतर त्याला पुढचा बेस बहाल. त्यामुळे किती वेळा अडवून झालं हे मोजणंही कोचच्या कामात आलं.

जुना आउटफिल्डर खरा उपयोगी पडतो तो पुढच्या गोष्टीत. दर चेंडूआधी तो धावपटूच्या कानात सांगतो: किती बाद, राइट फिल्डर (पहिल्या बेसच्या बाजूचा आउटफिल्डर) कुठे उभा, त्याची फेक कशी. उजव्या हाताच्या राइट फिल्डरला मैदानाच्या कडेच्या रेषेकडे पळत चेंडू उचलावा लागला, की थांबून, अंग वळवून मगच तिसऱ्या बेसकडे फेकता येतं. पहिल्यावरून थेट तिसरा गाठायची हीच संधी. ज्याने तिथून स्वतः हजारदा फेक केली आहे, त्याला हे चेंडू उडताक्षणी कळतं. शिवाय आउटफिल्डचा सरावही बऱ्याच संघांत याच कोचकडे असतो.

लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात असताना रॉबर्ट्सला बेसचोरीचे धडे दिले मॉरी विल्सने. 1962 मध्ये 104 बेस चोरणारा हाच तो. रॉबर्ट्स पुढे सॅन डिएगोच्या संघात पहिल्या बेसचा कोच झाला, मग बेंच कोच (मॅनेजरचा मुख्य मदतनीस), आणि 2016 पासून डॉजर्सचा मॅनेजर.