तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हेटसचं नाव मी का घेते

धर्मसुधारणा दिनाचं माझं भाषण संपलं की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. कधी पाळकसाहेब, कधी तरुण संघातली मुलं, कधी माझी सख्खी बहीण. "तुम्ही आपल्याच मंडळीतल्या. उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली. मग ल्यूथरचे प्रबंध, मातृभाषेतलं शास्त्र (बायबल), विश्वासाने तारण, एवढं सांगून थांबत का नाही? त्या सर्व्हेटसला मध्येच कशाला आणता?"

आजवर चहाचा कप हातात धरून दोन वाक्यांत उत्तर देत आले. त्याने कुणाचंच समाधान झालं नाही, माझंही नाही. आता एकदा सविस्तर सांगते.

31 ऑक्टोबर, म्हणजे 1517 साली ल्यूथरने पोपच्या चर्चविरुद्ध आपले प्रबंध मांडले तो दिवस, तुम्हाला पाठ आहे. त्याच आठवड्यात 27 ऑक्टोबरही येतो. 1553 साली त्या दिवशी जिनिव्हाच्या वेशीबाहेर शाँपेल इथे मिगेल सर्व्हेटसला जिवंत जाळलं. जाळणारे पोपचे लोक नव्हते, आपले, प्रॉटेस्टंट होते.

हा माणूस स्पेनमधल्या अरागॉनचा, पेशाने वैद्य. हृदयातलं रक्त फुप्फुसांत जाऊन शुद्ध होऊन परत येतं, हे युरोपात सर्वांत आधी छापून सांगितलं ते त्याने, आणि तेही एका धर्मशास्त्राच्या ग्रंथात. देवाचा आत्मा माणसाच्या रक्तात कसा उतरतो हे त्याला शोधायचं होतं. प्रबोधन आणि धर्मसुधारणा हे पाठ्यपुस्तकातले दोन वेगळे धडे या एका माणसात एकत्र नांदत होते. म्हणूनच मला तो सोडवत नाही.

1516 साली इरॅस्मस या विद्वानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ग्रीक नवा करार छापला. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, आधार म्हणून दाखवलं जाणारं योहानाच्या पहिल्या पत्रातलं वाक्य त्याला जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडलं नाही, म्हणून त्याने ते गाळलं. गदारोळ झाला आणि 1522 च्या आवृत्तीत ते परत घालावं लागलं. सर्व्हेटसही असाच वाचणारा: मूळ भाषेत आणि स्वतःच्या डोळ्यांनी. त्रैक्याचा सिद्धांत त्याला शास्त्रात दिसला नाही, आणि 1531 साली, जेमतेम विशीत, त्याने ते छापून टाकलं. 'शास्त्र स्वतः वाचा' असं सांगणाऱ्यांचं त्याने ऐकलं होतं.

पुढे तो नाव बदलून फ्रान्समध्ये व्हिएन गावी वैद्यकी करत राहिला. तिथल्या कॅथलिक न्यायासनाने त्याला पकडलं. त्याने जिनिव्हातल्या धर्मसुधारकांचा पुढारी कॅल्विन याला लिहिलेली पत्रं पुरावा म्हणून तिथे पोचली होती, आणि ती जिनिव्हाहून आली होती. हे वाक्य वर्गात उच्चारताना मला आजही जड जातं. तो तुरुंगातून निसटला, तेव्हा त्यांनी त्याचा पुतळा जाळला. आणि 13 ऑगस्टला, का कोण जाणे, तो जिनिव्हात चर्चमध्ये जाऊन बसला. कुणीतरी ओळखलं आणि त्याच दिवशी अटक झाली. हा इथे आला तर माझं चालेल तोवर जिवंत परत जाऊ देणार नाही, असं कॅल्विनने 1546 मध्येच आपल्या मित्राला लिहून ठेवलं होतं.

मी परका आहे, इथले रीतिरिवाज मला ठाऊक नाहीत, वकील द्या, असा अर्ज त्याने केला. वकील मिळाला नाही. 15 सप्टेंबरला त्याने नगर परिषदेला लिहिलं की उवा मला जिवंत खातायत, विजारीच्या चिंध्या झाल्या आहेत, बदलायला सदरा नाही. ऑक्टोबरात पुन्हा लिहिलं: थंडी सोसवत नाही, पोटशूळ आणि अंतर्गळाने हैराण झालोय. त्रैक्यावरचे सगळे युक्तिवाद वाचून झाले, तरी माझं मन त्या सदऱ्यापाशी अडतं. एवढी मोठी, पवित्र, देवाच्या वचनावर उभारलेली नगरी, आणि एका कैद्याला धुतलेला सदरा देणारं कुणी नाही.

शिक्षा परिषदेने दिली, कॅल्विनने नाही, हे तुम्ही मला दरवेळी ऐकवता. खरं आहे. जाळू नका, शिरच्छेद करा, असं त्याने सुचवलं, हेही खरं आहे. झुरिक, बर्न, बाझल, शाफहाउझन या चारही ठिकाणच्या मंडळींचं मत मागवलं आणि एकीनेही सोडा म्हटलं नाही. ल्यूथरचा सहकारी मेलँक्थॉन याच्यासारख्या सौम्य, ग्रीक भाषेच्या पंडिताने पुढच्या वर्षी कॅल्विनला शाबासकीचं पत्र लिहिलं. मी कॅल्विनला एकट्याला आरोपी करत नाही. पण आरोपपत्राची कलमं त्याचीच. आणि याच कॅल्विनचं पहिलं पुस्तक, 1532 चं, सेनेकाच्या दयेवरील निबंधावरचं भाष्य होतं. राज्यकर्त्याने दया का दाखवावी, हे तो लॅटिनमध्ये किती सुंदर लिहू शकत होता!

'काळच तसा होता' हे उत्तर मला मान्य नाही. पाखंड्यांना जाळणं पवित्र आत्म्याच्या इच्छेविरुद्ध आहे, असं ल्यूथरचंच म्हणणं होतं. 1520 मध्ये पोपने त्याची जी वचनं निषिद्ध ठरवली त्यांत हेही होतं. मग 1527 मध्ये झुरिकच्या सुधारकांच्या राजवटीत प्रौढांनाच बाप्तिस्मा द्यावा म्हणणाऱ्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं, आणि काही वर्षांनी त्याच बाप्तिस्म्याच्या वादातल्या लोकांना देहदंड द्यावा या मसुद्याला खुद्द ल्यूथरने सही दिली. पण बाझलमध्ये गरिबीत दिवस काढणारा, सर्व्हेटसला जाळण्याविरुद्ध लिहिणारा विद्वान कास्तेल्योही त्याच काळातला. त्याने लिहिलं, "माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण करणं नव्हे, ते माणसाला मारणंच होय." हे छापलं गेलं 1612 साली, तो मेल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आमच्या मंडळीतले एक वडील एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, घरातलं चव्हाट्यावर कशाला? आपल्याकडे बोट दाखवायला टपलेले थोडे आहेत का? त्यांच्या हाती आयतं कोलीत देताय." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. हल्ली प्रार्थनासभा ठेवतानाही लोक दहा वेळा विचार करतात, हे मला दिसतं. तरीही गोव्यात 1580 मध्ये कॅथलिक न्यायासनाने गार्सिया द ऑर्टा या वैद्याची हाडं उकरून जाळली, हे मी वर्गात आवाज चढवून सांगते. मग शाँपेलला आवाज उतरवायचा? उतरलेला आवाज विद्यार्थ्यांना लगेच कळतो.

नवीन नोकरीला लागले तेव्हाची मी मात्र मला अजून सोडत नाही. ती म्हणते, तुझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात अक्षर शिकली ती योहानाचं शुभवर्तमान वाचायला. शेतकऱ्याने नांगर धरताना शास्त्रातली वचनं गावीत, असं इरॅस्मसने लिहिलं, आणि ते तुझ्या घरापर्यंत पोचवलं ते कॅल्विनच्याच परंपरेतून आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केलं, ते या चळवळीशिवाय झालं असतं? इरॅस्मस सावध राहिला, कास्तेल्यो एकटा पडला. शाळा काढल्या, छापखाने चालवले ते ठाम माणसांनी. संशयी माणसांनी तुझ्या आजीला अक्षर दिलं असतं का?

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचं म्हणणं खोडता येत नाही, आणि तो सदराही डोळ्यांपुढून हलत नाही. ज्यांनी वाचायला शिकवलं त्यांनीच वाचणाऱ्याला जाळलं. यातलं एक सांगून दुसरं गाळायला माझं मन धजत नाही.

पुढच्या ऑक्टोबरात बोलवाल तर येईन. ल्यूथरवर हवं तितकं बोलेन, मनापासून बोलेन. सर्व्हेटसला मात्र दहा मिनिटं लागतील. तेवढी द्यायची नसतील तर दुसरा वक्ता बघा, माझी तक्रार नाही.