पळसाला पाने तीनच, पण कशी?

आठवीत बाईंनी पानाच्या वर्णनात दोन शब्दांना बंदी घातली होती: ‘हिरवे’ आणि ‘सुंदर’. मराठीच्या तासाला दोन्ही चालत, जीवशास्त्राला नाही. पानाचं वर्णन वहीत लिहायचं, झाडाचं नाव मात्र लिहायचं नाही. मग वही शेजारच्या बाकावर द्यायची आणि तिथल्याने ती वाचून कुंपणालगतच्या झाडांतून नेमकं तेच पान आणायचं. भलतंच पान आलं, तर ओरडा लिहिणाऱ्याला बसे, आणणाऱ्याला नाही.

त्यामुळे ‘तीन पानं एकत्र’ एवढ्यावर भागत नसे. पळसाला तीन, तशी बेलाला तीन आणि पांगाऱ्यालाही तीनच. पळसाची मधली पर्णिका (म्हणजे एकाच पानातलं सुटं पातं) मोठी, टोकाकडे रुंद. बाजूच्या दोघी तिरक्या, म्हणजे मधल्या शिरेच्या एका अंगाला जास्त भरलेल्या. हाताला जाड, चिवट. बेलाचं पान उजेडाकडे धरलं की तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, आणि फांदीला काटे. हे एकदा लिहिलं की चुकायचं कारणच उरत नाही.

खरी भांडणं सातविणीवरून. पानं पंजासारखी पसरलेली, म्हणून सगळे बेधडक ‘सावरीसारखं संयुक्त पान’ लिहून मोकळे. बाई म्हणाल्या, “डोळा शोधा रे.” पान फांदीला जिथे जोडलेलं असतं, तिथे त्याच्या बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटीची कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. सावरीची पाच-सात पाती मिळून एक पान, कारण डोळा थेट खाली, लांब देठाच्या बुडाशी. सातविणीची पानं मात्र सुटी, साधी. एकाच पेरावर गोलाकार बसलेली. आणि नावात सात असले तरी दर वेळी सात भरतीलच असं नाही. (हे मोजायला आम्ही निम्मी फांदी ओरबाडली होती, शिपाईमामांनी त्याचा समाचार घेतला, तो वेगळा विषय.)

आता माझी रोपवाटिका आहे. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, “ते झाड आहे का, मोठ्या पानांचं?” मी विचारतो, कडा सरळ की दातेरी? पानं समोरासमोर की एकाआड एक? चीक निघतो का? बरेचदा तेवढ्यात झाड सापडतं. फोटोत तर देठाचं बूड कुणी घेतच नाही. फणसाचं रोप नेलेले काहीजण तावातावाने परत येतात, “पानाला खाचा आहेत, हा फणस नव्हेच!” लहानपणी फणसाच्या पानांना अशा खाचा असतात. झाड वाढलं की नवी पानं अखंड येतात. हे समजावण्यात माझा रविवार जातो.

शाळेच्या महोत्सवानिमित्त आवारातल्या झाडांना पाट्या लावणार असं कळलं. समितीला विनंती, पाटीवर नुसतं पानाचं वर्णन लिहा. नावं ऑफिसातल्या वहीत ठेवा, आणि ती वही मागायला येणाऱ्या मुलाला आधी विचारा, डोळा कुठे दिसला?